टिकली मुंगी आणि बसलेला जोर

एक होती मुंगी. कपाळावरच्या टिकलीएवढी. म्हणून तिचं नाव टिकली.

आज होती नागपंचमी. घरोघरी पुरणाची दिंडं! टिकलीला अंगणात पुरणाचा कण सापडला. पिवळा पिवळा, गोड गोड! तिने तो तोंडात धरला आणि निघाली घरी. तुरुतुरु, तुरुतुरु. घरी पिल्लं भुकेली होती ना!

चालून चालून टिकली दमली. कण खाली ठेवला, जराशी टेकली. तेवढ्यात वरून कावळा उडाला. त्याच्या चोचीतून सुटली करवंटी. टप्प! पडली पालथी. पुरण आत, टिकली बाहेर!

"अगं बाई! माझं पुरण!"

माती उकरून आत जावं? छे छे! पंचमीला माती उकरायची नाही. नागोबाला लागेल ना! मुंग्यासुद्धा पाळतात बरं का हे.

टिकली म्हणाली, "करवंटीबाई, करवंटीबाई, जरा सरका ना!"

करवंटी म्हणाली, "कशी सरकू? मी इथे खाली पालथी. माझ्यात नाही जोर. भोपळा येऊन धडकला, तर सरकेन."

टिकली चढ चढली. तुरुतुरु, तुरुतुरु.

वर आंब्याचं झाड. झाडापुढे उतार. उताराच्या अगदी तोंडाशी बसला होता लाल भोपळा. त्या घरातल्या छोट्या शेवंताच्या आईने तो मळ्यातून आणला होता. विळी काढली आणि तिने जीभच चावली. "अरे देवा, आज पंचमी! चिरायचं नाही, कापायचं नाही. बस रे बाबा तिथंच!" म्हणून बसला होता बिचारा. ढिम्म!

टिकली म्हणाली,
"करवंटी काही सरकत नाही,
पुरण काही मिळत नाही,
पिल्लं माझी भुकेली!
भोपळेदादा, भोपळेदादा, जरा गडगडा ना!"

भोपळा म्हणाला, "जोर आहे गं माझ्यात. उंचावर बसलोय ना! पण जोरही बसलाय. झोक्याने धक्का दिला, तर धावेल."

टिकली निघाली. तुरुतुरु, तुरुतुरु.

आंब्याला बांधला होता पंचमीचा झोका. मागे ओढलेला, उंच उंच! पण हलेल तर शपथ.

टिकली म्हणाली,
"भोपळा काही गडगडत नाही,
करवंटी काही सरकत नाही,
पुरण काही मिळत नाही,
पिल्लं माझी भुकेली!
झोकेदादा, झोकेदादा, जरा झुला ना!"

झोका म्हणाला, "जोर आहे गं माझ्यात. मागे उंच ओढलंय ना! पण जोर बसलाय. शेवंताने पाय उचलले, तर धावेल."

झोक्यावर कोण? शेवंता! दोर घट्ट धरलेला. डोळे घट्ट मिटलेले. टाचा मातीत रुतवलेल्या.

टिकली म्हणाली,
"झोका काही झुलत नाही,
भोपळा काही गडगडत नाही,
करवंटी काही सरकत नाही,
पुरण काही मिळत नाही,
पिल्लं माझी भुकेली!
शेवंताताई, शेवंताताई, जरा पाय उचल ना!"

"मी नाही बाई!" शेवंता म्हणाली. "मला भीती वाटते. पाय माझं ऐकतच नाहीत. तूच सांग त्यांना!"

आता पायांना कान असतात का? पण टिकली गेली. टाचेवरून चढली तळव्यावर. म्हणाली,
"पाय काही उचलत नाहीत,
झोका काही झुलत नाही,
भोपळा काही गडगडत नाही,
करवंटी काही सरकत नाही,
पुरण काही मिळत नाही,
पिल्लं माझी भुकेली!"

पाय गप्प. तिला वाटलं, ऐकू गेलं नसेल. म्हणून ती अंगठ्याकडे गेली. मग करंगळीकडे. तुरुतुरु, तुरुतुरु, तळव्यावरून तुरुतुरु!

"ई ई ई! खी खी खी! गुदगुल्या!"

शेवंताने पाय उचलले. टिकली पटकन खाली उतरली.

झोका सुटला. झुंईंईं! बसलेला जोर लागला धावायला.

पाय लागले भोपळ्याला. धप्प! भोपळा निघाला. गडगड, गडगड, गडगड! बसलेला जोर लागला धावायला.

भोपळा धडकला करवंटीला. टण्ण! करवंटी उडाली. ती पडली तिकडे, भोपळा थांबला इकडे.

टिकली उतारावरून खाली आली. तुरुतुरु, तुरुतुरु. तिने विचारलं, "भोपळेदादा, कुठे गेला तुमचा जोर?"

"करवंटीला दिला की!" भोपळा म्हणाला.

आई ओट्यावरून ओरडली, "अगं शेवंते, भोपळा कुठे चालला?"

पण शेवंताला कुठलं ऐकू येतंय! ती झुलत होती. झुंईंईं, झुंईंईं! डोळे टक्क उघडे. "आई, बघ! मी झोका घेतला! भीती गेली पळून!"

आणि टिकली? तिने पुरण उचललं, थेट घर गाठलं. पिल्लांनी आ केला. आ! एक घास तुला, एक घास तुला, आणि एक आईला.

पुरण गेलं पोटात, गोष्ट राहिली ओठात!