कानात दिलेला शब्द

एकदा एक तरुण शिक्षिका हातात पेढ्यांचा पुडा आणि डोळ्यांत पाणी अशा दोन्ही गोष्टी घेऊन आपल्या वृद्ध गुरूंच्या घरी आली. पेढे भावाच्या मुलाच्या बारशाचे होते. पाण्याचे कारण वेगळे होते, आणि खरे तर तेच सांगायला ती आली होती.

तिचे नाव हेमांगी. एका लहान शहरातल्या मराठी प्राथमिक शाळेत ती तिसरीच्या वर्गाला फ्रेंच शिकवत असे. मराठी शाळेत फ्रेंच कशाला, असे वाचकांच्या मनात आले असेल, तर ते त्या शहरातल्या अर्ध्या लोकांच्याही मनात आले होते. शाळेचा पट दरवर्षी घटत होता. तेव्हा संस्थेने काहीतरी नवे करून पाहायचे ठरवले, आणि गावात फ्रेंच शिकलेली, मोकळी असलेली ही एकच मुलगी सापडली. गुरुजींनी पस्तीस वर्षे महाविद्यालयात ती भाषा शिकवली होती. हेमांगी त्यांची शेवटच्या तुकडीतली विद्यार्थिनी. आपल्याला जे मिळाले ते या चिमुरड्यांना द्यावे, अशी तिची फार मनापासूनची इच्छा होती.

"आत्या झालीस तर," गुरुजी पेढा मोडत म्हणाले. "नाव तूच ठेवलंस ना कानात?"

"हो सर. पण मी दुसरंच सांगायला आलेय. मुलं बोलत नाहीत."

"कोणती मुलं?"

"वर्गातली. जूनपासून रोज दहा शब्द देते. चित्रं दाखवते, एकेकाला उभं करून म्हणून घेते. दुसऱ्या दिवशी विचारलं की सगळी मिठाची गुळणी धरून बसतात. दिवाळीच्या सुट्टीआधी संस्थेचे अध्यक्ष वर्ग बघायला येणार आहेत. मुलं बोलली नाहीत तर फ्रेंच बंद करणार. मला तोंडावर सांगितलंय त्यांनी."

"सगळीच गप्प?"

हेमांगी जरा घुटमळली. मग म्हणाली, "एक जण जास्तच. भैरवी म्हणून मुलगी आहे. पहिल्याच आठवड्यात नमस्काराचं 'बोंजूर' चुकीचं म्हणाली. मी दुरुस्त केलं. परत चुकली. मग मी तिला सगळ्यांसमोर सात वेळा म्हणायला लावलं."

"आणि दर वेळी तू काय म्हणालीस?"

"असं नाही, म्हणाले. असं नाही, पुन्हा म्हण. मुलं हसली सर. तेव्हापासून ती माझ्या तासाला ओठ उघडत नाही. हजेरीलासुद्धा नुसता हात वर करते."

गुरुजींनी पेढा संपवला, हात पुसले आणि एवढेच म्हणाले, "सोमवारी येतो."

सोमवारी ते आले. काठी टेकत, कॅनव्हासचे बूट घालून, कोटाच्या खिशात नेहमीचा आलेपाक ठेवून. आता गुरुजी शिकवणार म्हणून हेमांगी वही-पेन सरसावून मागे बसली. इतक्या वर्षांनी त्यांचा तास पुन्हा पाहायला मिळणार, याचा तिला कोण आनंद झाला होता.

पण गुरुजींनी खडू हातात घेतला नाही. ते मुलांना म्हणाले, "मी प्रत्येकाला एक शब्द देणार आहे. एकेकाने यायचं. कान पुढे करायचा. शब्द ज्याचा त्याचा, दुसऱ्या कोणाला तो मिळायचा नाही. तेव्हा नीट सांभाळायचा."

एकतीस मुले होती. एकेक जण आला, गुरुजींनी वाकून त्याच्या कानात एक शब्द सांगितला, त्याचा अर्थ सांगितला आणि पाठीवर हात ठेवून त्याला जागेवर पाठवले. 'म्हणून दाखव' असे एकालाही म्हटले नाही. पुष्कर नावाचा एक वात्रट मुलगा कान देऊन परतला तो असा छाती काढून, की काही विचारू नका. भैरवी मात्र जागची उठली नाही. तेव्हा गुरुजी स्वतःच तिच्या बाकापाशी गेले, काठीच्या आधाराने कसेबसे खाली बसले आणि तिच्या कानाशी लागले. तिला काय दिले ते कोणालाच ऐकू गेले नाही.

अर्ध्या तासात तास संपला. हेमांगीची वही कोरीच राहिली होती.

"आता काय करू?" तिने व्हरांड्यात विचारले.

"मुलांकडून शब्द म्हणून घ्यायचा नाही. एकही नाही. तुला एखादा शब्द हवा असेल, तर तो ज्याच्याकडे आहे त्याच्याकडे जायचं आणि त्याने दिला तर घ्यायचा. नाही दिला तर तासभर त्याच्यावाचून चालवायचं. मुलांनाही हाच नियम."

"सर, पण एका मुलाला एकच शब्द? दिवाळीपर्यंत? अध्यक्षांना मी काय दाखवू?"

गुरुजींनी तिच्या हातावर आलेपाकाची एक वडी ठेवली आणि ते चालू लागले. हेमांगीला त्यांचा थोडा रागच आला. म्हातारपणी माणसाला गंमत सुचते, पण इथे आपली रोजी पणाला लागली आहे, हे यांच्या ध्यानात येत नाही का? आपल्या गुरूविषयी असे मनात आले याची तिला लगेच लाजही वाटली. त्या लाजेपोटीच तिने नियम पाळायचे ठरवले.

पहिले चार दिवस काहीच झाले नाही. ती गोष्टी सांगे, चित्रे काढी, गाणी म्हणे, आणि कोणाला काही विचारण्यासाठी जीभ वळवळली की ओठ मिटून घेई. पाचव्या दिवशी वर्गात मांजर शिरले. तीस माना एकदम एका मुलीकडे वळल्या. 'मांजर' तिच्या मालकीचे होते, हे मुलांनी एव्हाना एकमेकांत सांगून टाकले होते. ती उभी राहिली, लाल झाली आणि म्हणाली, "शा." वर्गाने असा काही सुस्कारा टाकला की मांजर बाकाखाली पळाले.

मग मात्र गाडी चालू लागली. खिडकी उघडायची तर खिडकीवाल्याकडे जावे लागे. दूध, चेंडू, लाल, मोठा, ये, दे, सगळे शब्द एकेका ठिकाणी राहत होते, आणि दोन शब्दांची गाठ घालायची तर दोन मुलांची गाठ घालावी लागे. पुष्करकडे 'नाही' होते. तो आपले 'नों' असे काही ऐटीत देई की त्याच्याकडे मुद्दाम गिऱ्हाइके जात. जी मुले शेजारच्या बाकावरच्याचे नाव घ्यायला लाजत, ती मधल्या सुट्टीत शब्द शोधत वर्गभर हिंडू लागली. असे हिंडता हिंडता प्रत्येकाला सगळ्यांचे शब्द पाठ झाले होते, हे हेमांगीने दाराआडून ऐकले. तरी दुसऱ्याचा शब्द त्याला विचारल्याशिवाय कोणी वर्गात उच्चारत नसे. नियम म्हणजे नियम.

एक दिवस मुलांच्या लक्षात आले की 'नाही' आहे, पण 'हो' कोणाकडेच नाही. शोधाशोध झाली. तीस जणांनी आपापले शब्द सांगितले, आणि मग सारी वरात भैरवीच्या बाकापाशी गेली.

"तुझ्याकडे 'हो' आहे?" पुष्करने विचारले.

भैरवीने मान हलवली.

"मग दे की."

ती खाली पाहू लागली. हेमांगी टेबलापाशी उभी होती. 'अगं बोल, भैरवी, सोपा आहे' हे शब्द तिच्या अगदी जिभेवर आले होते. ते तिने कसे गिळले ते तिचे तिलाच ठाऊक. पण मुलांनी वाट लवकर काढली. "राहू दे," पुष्कर म्हणाला, "तिची मान चालेल." त्या दिवसापासून कोणाला 'हो' लागले की वर्ग भैरवीकडे बघे, भैरवी मान हलवी आणि काम पुढे जाई. दिवसातून वीस-पंचवीस वेळा तरी सगळ्यांना तिची गरज पडे. पुढे पुढे आपल्याकडे कोणी बघायच्या आधीच ती मान वर करून वाट पाहू लागली.

दिवाळीच्या सुट्टीला दोन दिवस राहिले आणि अध्यक्ष आले. ते भांड्यांचे व्यापारी होते. दुकानात आलेल्या प्रत्येक पातेल्याला टिचकी मारून नाद ऐकल्याशिवाय ते माल घेत नसत, आणि शाळाही त्याच रीतीने चालवत. माणूस वाईट नव्हता. नुसत्या भरवशावर बसणारा नव्हता, इतकेच. गुरुजीही आले होते आणि अगदी मागे, भिंतीला टेकून बसले होते.

अध्यक्ष चित्रांवर बोट ठेवत गेले आणि वर्गाच्या निरनिराळ्या कोपऱ्यांतून उत्तरे येत गेली. दूध इथून, चेंडू तिथून. त्यांना मौज वाटली. पण थोड्या वेळाने त्यांच्या ध्यानात आले.

"बाई, हा मुलगा एकच शब्द बोलतोय. ती मुलगीही. पाच महिन्यांत एकेका मुलाला एकेकच शब्द?"

हेमांगीने सांगायचा प्रयत्न केला, पण जे दाराआडून ऐकले ते पुराव्यादाखल कसे मांडणार? अध्यक्षांनी हात वर करून तिला थांबवले. चष्मा काढला आणि मुलांकडे वळून साध्या मराठीत विचारले, "बाळांनो, मला खरं खरं सांगा. ही भाषा तुम्हाला पुढे शिकायची आहे का?"

वर्ग गप्प झाला.

एकतीसपैकी प्रत्येकाला उत्तर येत होते, मराठीतही आणि, बाईंच्या गाण्यागोष्टींतून ऐकून, फ्रेंचमध्येही. पण ते कोणीच दिले नाही, कारण ते उत्तर एकीचे होते. सगळ्या माना भैरवीकडे वळल्या. पुष्करने तर दोन्ही तळहात तोंडावर घट्ट दाबून धरले होते, आपला शब्द चुकून बाहेर पडू नये म्हणून.

भैरवीने मान हलवली. अध्यक्षांना काही ती दिसली नाही. ते पहिल्या बाकांकडेच बघत होते.

हेमांगीला सारे समजत होते. नुसते पुढे होऊन 'ती हो म्हणतेय' एवढे सांगितले असते तर वर्ग वाचला असता. तिने गुरुजींकडे पाहिले. ते आपल्या बुटांकडे बघत होते. तिने हात पाठीमागे बांधले आणि ती जागची हलली नाही. आयुष्यात इतके अवघड काम तिने कधी केले नव्हते.

"समजलो," अध्यक्ष खिन्नपणे म्हणाले. त्यांनी चष्मा खिशात ठेवला, खुर्चीला लावलेली छत्री उचलली आणि ते दाराकडे निघाले.

"वी."

आवाज लहान होता, घोगरा होता, पाच महिने बंद राहिलेला होता. भैरवी बाकाजवळ उभी होती. अध्यक्ष थांबले हे तिने पाहिले आणि मग पुरेशा मोठ्याने, आपली वस्तू आपण देत आहोत अशा थाटात, ती पुन्हा म्हणाली, "वी."

"काय म्हणते ही?" अध्यक्षांनी विचारले.

पुष्करने तोंडावरचे हात काढले. "हो म्हणते ती. तिच्याकडेच आहे ते. म्हणून आम्ही थांबलो होतो."

अध्यक्षांनी एकदा त्या मुलीकडे पाहिले, एकदा तिच्यासाठी थांबलेल्या तीस मुलांकडे पाहिले. पातेले कसे वाजते हे ओळखण्यात त्यांचे आयुष्य गेले होते. ते परत आले, छत्री खुर्चीला लावली आणि बसले. "चालू दे बाई," ते म्हणाले. "वर्षभर चालू दे."

शाळा सुटल्यावर हेमांगी गुरुजींना फाटकापर्यंत सोडायला गेली.

"सर, म्हणून दाखव असं तुम्ही एकालाही का म्हटलं नाहीत?"

"भाच्याच्या कानात नाव सांगितलंस, तेव्हा त्याला म्हणून दाखवायला लावलंस का?"

ती हसली. "तीन महिन्यांचा होता तो."

"आणि आता?"

"परवा हाक मारली तर मान वळवली त्याने."

"मग नाव त्याचं झालं. बोलेल तेव्हा बोलेल." गुरुजी काठीवर भार देऊन थांबले. "हेमांगी, तू शब्द देत होतीस आणि त्याच श्वासात परत मागत होतीस. मूल बिचारं तो कसाबसा परत करायचं आणि मोकळ्या हाताने घरी जायचं. दिलेलं काही दिवस त्याच्यापाशी राहू द्यावं. ते आपलं आहे असं वाटलं, की मूलच ते चारचौघांत घेऊन येतं."

"आणि भैरवीला 'हो' का दिलंत?"

"तिने सात वेळा 'असं नाही' ऐकलं होतं. मला वाटलं, या मुलीपाशी एक 'हो' असावं."

हेमांगीने फाटकाची कडी काढली. मग तिने विचारले, "ती आज बोलेल हे तुम्हाला ठाऊक होतं?"

"नाही."

"नसती बोलली तर?"

"तर वर्ग बंद झाला असता आणि मला फार वाईट वाटलं असतं," गुरुजी म्हणाले. "पण तिचं 'हो' तिच्यापाशी राहिलं असतं."

दुसऱ्या दिवशी, सुट्टीपूर्वीच्या शेवटच्या तासाला, हेमांगी वर्गात शिरली ती थेट भैरवीच्या बाकापाशी गेली आणि गुडघे टेकून बसली. भैरवीने सवयीने कान पुढे केला. हेमांगीने त्या कानात बत्तिसावा शब्द सांगितला, "पार्दों". त्याचा अर्थही सांगितला, माफ कर. मग ती उठली, फळ्यापाशी गेली आणि तारीख लिहू लागली. मागून काही उत्तर आले नाही, आणि तिनेही मागे वळून पाहिले नाही.