नागोजीने दिलेला हात

फार फार वर्षांपूर्वीची गोष्ट. नेमकी किती, ते विचारू नका. मला सांगणाऱ्यालाही ठाऊक नव्हतं. आपल्या खैराटवाडीत नागोजी नावाचा एक वीर राहत होता. अंगाने काटकुळा, पण त्याने तलवार उपसली की वारासुद्धा वाट सोडून जायचा, असं म्हणतात.

त्या वर्षी पेरणीच्या तोंडावर रायाजी नावाच्या पुंड सरदाराने गावाची सगळी गुरं हाकून नेली. बैल नाहीत तर पेरणी नाही, आणि पेरणी नाही तर चूल नाही. नागोजीने घोड्यावर मांड टाकली आणि नदीच्या उताराशी त्याला गाठलं. मागोमाग गाव धावला. सर्वांत पुढे नागोजीची आई, येसाई.

रायाजी म्हणाला, "उगं माणसं कशाला मारायची? आपण दोघं लढू. जिंकंल त्याची गुरं."

दोघे भिडले. तलवारींच्या ठिणग्यांनी नदीचं पाणी कोमट झालं, असं म्हणतात. ऐन रंगात रायाजीचा घोडा घसरला आणि रायाजी कमरेइतक्या गाळात रुतला. तलवारही हातातून सुटली.

"हाण की रं! बघतोस काय?" येसाई काठावरून ओरडली.

नागोजी खाली उतरला. त्याने हात देऊन रायाजीला बाहेर ओढलं, त्याची तलवार त्याला परत दिली. म्हणाला, "तुला गाळानं पाडलंय, म्या न्हाई. सावर आन् हुबा ऱ्हा."

गावाने कपाळाला हात लावला. खरं सांगतो, मीही लावला असता.

पुन्हा लढाई जुंपली आणि रायाजीचा वार नागोजीच्या छातीवर बसला. तो कोसळला तेव्हा वाहती नदी थांबली, असं म्हणतात. येसाईने लेकाचं डोकं मांडीवर घेतलं. गुरं आता रायाजीची झाली होती, पण त्याचा पाय निघेना.

येसाई त्याला म्हणाली, "त्यानं तुला हात दिला, तवा म्या त्याला बोल लावला. आता तूच सांग बाबा, चुकलं कोण? म्या, का माझं लेकरू?"

रायाजीने तलवार डोहात टाकली आणि गुरं स्वतः हाकत गावात आणून सोडली. त्या साली येसाईचं रान त्यानेच पेरलं, आणि कणसं कोपराएवढी झाली, असं म्हणतात.

नागोजीचा वीरगळ आजही उताराशी उभा आहे. जत्रेत त्याच्यासमोर कुस्त्या होतात. कुणी घसरून पडला, तर दुसरा त्याच्यावर झेप घेत नाही; हात देऊन उभा करतो, मग कुस्ती पुढे सुरू. जिंकेल त्याला नारळ मिळतो. हात देऊन जो हरतो त्याला मात्र फेटा, आणि तो बांधायला त्याच्या आईला आखाड्यात बोलावतात.