भिवरामावशी पोरांबरोबर जाते

नदीवर एकही पूल नव्हता त्या काळची गोष्ट. एका डोहात पाणमांजरांचा कळप राहत असे. कळपातली पोरं दिवसभर गायब असत. मोठे जितके ओरडत, तितकी पोरं आणखी लांब जात.

भिवरामावशीही ओरडणाऱ्यांतलीच. पण एके दिवशी तिने विचारलं, "मी येऊ का तुमच्याबरोबर?"

पोरं चकित झाली. त्यांच्यातली लाखी म्हणाली, "ये. पण ओरडायचं नाही हं!"

पोरं एका उंच, निसरड्या दरडीवरून सुसाट पाण्यात घसरत होती. ते बघून ओठांवर आलेली हाक मावशीने गिळली, डोळे मिटले आणि स्वतःला खाली सोडून दिलं. कानांत वारा भरला आणि धबाक! पाण्यातून डोकं वर काढत ती ओरडली, "पुन्हा! पुन्हा!"

पोरं नाचतच तिच्याभोवती जमली. सगळी एकदम बोलू लागली. त्यातच लाखी म्हणाली, "मावशी, खालच्या वळणावर कुणीतरी जाळं लावलंय."

"अगं, सगळे आत्ता तिकडेच मासे धरायला निघालेत! सांगितलं का नाहीस?"

"तिकडे कशाला गेलात, म्हणून आधी मारच बसला असता."

मावशी म्हणाली, "चल, पुढे हो. मी तुझ्या मागेच आहे."

लाखी बाणासारखी सुटली. कळप वळणावर पोचतच होता. ती सगळ्यांना आडवी गेली. "थांबा! पुढे जाळं आहे!"

कळपाचा म्होरक्या खेकसणार, तोच मावशी म्हणाली, "तिचं ऐका."

पाण्याखाली जाळं हलताना दिसलं, तसा म्होरक्या जागीच थबकला. मग लाखीजवळ येऊन हळूच म्हणाला, "पोरी, आणखी काय काय पाहिलंत तुम्ही?"

लाखी सांगत सुटली, आणि अख्खा कळप तिच्याभोवती बसून ऐकू लागला.