पोटातला केर

केरसुणी आणि व्हॅक्यूम क्लीनर नुकते कुठे एका कोपऱ्यात नांदू लागले होते, तेव्हाची गोष्ट. घर कुमुदिनीबाईंचं. कामावरून आल्या की तिन्हीसांजेला त्या क्लीनर फिरवायच्या. पण दिवा लावल्यावर केर बाहेर टाकायचा नाही, म्हणून तो क्लीनरच्या पोटातच राहायचा. सकाळच्या घाईत त्या विसरून जायच्या.

पोट गच्च भरलं. क्लीनरला धड श्वास घेता येईना, की केर ओढता येईना. बाईंना कळू नये म्हणून तो आणखीच जोरात घोंघावू लागला. अंग चटका बसेल इतकं तापायचं.

"अरे, थांब जरा, जीव जाईल!" केरसुणी कळवळून म्हणाली.

"थांबलो तर भंगारात घालतील गं, मावशी!"

एका संध्याकाळी जळका वास आला आणि तो मधेच बंद पडला. आता संपलं सगळं, असं त्याला वाटलं. बाईंनी घाबरून झाकण उघडलं. "अगंबाई, हे काय!" म्हणत त्यांनी केर वर्तमानपत्रात बांधून सकाळसाठी दाराशी ठेवला, फिल्टर झटकला.

दुसऱ्या दिवशी क्लीनर इतक्या हळू आवाजात चालला, की बाई काळजीने वाकून म्हणाल्या, "बिघडला की काय हा?"