शिवेच्या दगडाची सावली

बाळांनो, दोन गावांच्या शिवेवरचं काम कुणी करायचं बरं?

फार पूर्वी उगवतवाडी आणि मावळतवाडी या प्राण्यांच्या गावांत रीत होती की, शिवेच्या दगडाची सावली ज्या गावात पडेल त्यानं ते करायचं. एका सकाळी शिवेवरचं तळं तुडुंब भरलेलं असताना दगडापाशीच त्याच्या बांधाला भेग पडली. शेजारच्या बिळात खेकडीची पिलं होती. सावली मावळतवाडीत पाहून खेकडी तिथल्या सरपंच रानडुकराकडे धावली.

तो चिखलात लोळून भर दुपारी आला. “सावली कुठाय, बाई? दगडाखालीच!” म्हणत परतला.

सावली कलताच खेकडी उगवतवाडीला धावली. तिथली सरपंच घोरपड आली ती दिवस बुडाल्यावर.

“मावशी, माती टाका हो!”

“सावलीशिवाय? उद्या बघू.”

दुसऱ्या दिवशी सकाळी दोन्ही गावांत सारखंच पाणी होतं, आणि शिवेच्या दगडावर खेकडी पिलांना घेऊन बसली होती.