हौसाक्कांचं रेड कार्ड

कोल्हापुरातल्या वेशीतालमीचा फुटबॉल संघ बिल्डर रणवऱ्यांनी विकत घेतला आणि पहिलाच हुकूम सोडला: गॅलरीत पुरुष शिव्या देतात, म्हणून बायकांनी मॅचला यायचं नाही. वीस वर्षं हाफटाइमला खेळाडूंसाठी लिंबं चिरून नेणाऱ्या हौसाक्कांच्या अंगाचा तिळपापड झाला. भर बैठकीत त्या उभ्या राहिल्या.

"मालक, आपल्या पोराला कुणी लाथ घातली, तर पंच रेड कार्ड कुणाला दाखवतो?"

"लाथ घालणाऱ्याला! हे काय विचारणं झालं?"

"मग शिव्या ह्यांनी हासडायच्या आणि बाहेर आम्ही जायचं, हा कुठल्या पंचाचा न्याय हो?"

सगळी तालीम हसली. रणवऱ्यांना तिथंच हुकूम फिरवावा लागला: जो शिवी देईल, तोच बाहेर.

रविवारी शिवीपायी गॅलरीतून पहिला बाहेर गेला, तो रणवऱ्यांचाच मेहुणा.