सिंहासनाखालचं जातं

एका राज्यात साऱ्या वाटा राजधानीकडेच उतरत. त्या राज्याच्या उत्तर टोकाला पाखरमाळ नावाचं गाव होतं. ढगसुद्धा तिथं न थांबता राजधानीकडे जात. आधी धान्य गेलं, मग गुरं, मग माणसं. मागे उरला एकटा सटवाजी. झिजून गुळगुळीत झालेल्या जात्याला छिन्नीनं टाकी लावायची, हा त्याचा धंदा. पण दळायलाच कोणी नाही, तर टाकी कुणाच्या जात्याला? त्याची लेक ठकूही राजधानीला गेली होती. तो रोज दोन ताटल्या मांडी नि एकीत जेवी.

एके दिवशी कुंपणावर टिटवी येऊन बसली. म्हणाली, "सटवाजी, राजाच्या सिंहासनाखाली मायावी जातं आहे. साऱ्या मुलखाचं धान्य-पाणी त्यात पडतं, बाहेर काही येत नाही."

"मग ते झिजलंय गं बाई," सटवाजी म्हणाला, नि छिन्नी-हातोडा घेऊन निघाला.

राजधानीला तीन वेशी. पहिलीनं त्याच्या गावाचं नाव मागितलं. त्यानं दिलं. दुसरीनं परतीची वाट मागितली. तीही दिली. म्हणून तर गेलेलं कुणी माघारी येत नव्हतं. तिसरी म्हणाली, "हातातलं हत्यार ठेव."

"ते नाही जमायचं. मग आत जाऊन करू काय?"

वेस हसली. "नाही म्हणणारा तूच पहिला. जा."

राजा कंबरभर धान्यात बसला होता. धान्याला मोड आले होते. सटवाजीच्या हातातली छिन्नी पाहून तो म्हणाला,

"म्हातारबा, जातं सोन्यानं मढवलंय. लोखंड लागलं तर राज्य बुडेल, असं आमचा जादूगार सांगतो."

"महाराज, मुखात घातलेलं चारी कडांनी बाहेर पडावं, ते जातं. हे नुसतं गिळतंय."

"वेडा आहे हा!" जादूगार ओरडला.

राजा सिंहासनावरून उठला. "सात वर्षांत मला भूक लागलेली नाही. लाव टाकी."

पहिल्या घावाला सोनं उडालं. दुसऱ्या घावाला जादूगाराचा कोंडा झाला नि वाऱ्यावर गेला. तिसऱ्या घावाला जातं आपसूक फिरलं. चारी कडांनी धान्य, पाणी, ढग ज्याच्या त्याच्या मुलखाला निघाले. रस्त्यांत माणसं थबकली. हरवलेली गावं ओठांवर आली. राजानं आज्ञा केली, दर साली दूरच्या मुलखातल्या माणसानं येऊन या जात्याला टाकी लावावी.

सटवाजी वेशीबाहेर दगडावर बसून राहिला. म्हाताऱ्या माणसाला सगळं उशिरा आठवतं. माणसांमागून माणसं पुढून गेली, तो बसूनच. शेवटी गाठोडं घेतलेली एक बाई थांबली.

"आबा, असे काय बसलात?"

"गाव आठवलं गं ठकू. वाट आठवेना."

"मग उठा. मला आठवलीये."

ते पोचले त्या दिवशी पाखरमाळावर दोन ताटल्या मांडल्या, नि दोन्ही उष्ट्या झाल्या.